वर्गणी कशासाठी भरायची? डेटाबेस डेव्हलपरच्या सदस्यत्वांविषयी

दरवर्षी एका ठरावीक महिन्यात माझ्याकडे सदस्यत्वांच्या नूतनीकरणाच्या सूचना येतात आणि त्या आल्या की मी कागद घेऊन बसते. गेल्या वर्षभरात या सदस्यत्वामुळे मी असे काय शिकले, जे त्याच्याशिवाय शिकता आले नसते, एवढा एकच प्रश्न त्या कागदावर असतो. डेटाबेसच्या कामात मला सोळा वर्षे झाली. त्यांपैकी पहिली अनेक वर्षे मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. सुविधांची यादी जितकी लांब, तितके सदस्यत्व चांगले, असे मानून मी वर्गणी भरत राहिले. यंदा आमच्या गटात नव्याने आलेल्या एका सहकारी मुलीने, शिकण्यासाठी नेमके कुठे सदस्य व्हावे, असे मला विचारले. तिला सांगू लागले तेव्हा दहा वर्षांपूर्वी मी जे उत्तर दिले असते ते आज मुळीच लागू पडत नाही, हे माझ्या लक्षात आले. ते का लागू पडत नाही, हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम, या संगणक-क्षेत्रातील व्यावसायिकांच्या संस्थेची मी सदस्य झाले ती एका अगदी नेमक्या गरजेपोटी. पोस्टग्रेस या विनामूल्य, खुल्या डेटाबेसच्या सोर्स कोडमध्ये बी-ट्री इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी झटपट शोधण्यासाठी झाडासारख्या रचलेल्या सूचीच्या, फोल्डरात एक रीडमी, म्हणजे माहितीची, फाइल आहे. अनेक जण एकाच वेळी इंडेक्समध्ये नोंदी घालत असताना एखादे पान, म्हणजे साठवणुकीचा ठरावीक आकाराचा तुकडा, भरून दुभंगले, तर त्याच क्षणी तिथे शोध घेणाऱ्याची वाट कशी चुकत नाही, याचे स्पष्टीकरण त्या फाइलमध्ये आहे आणि त्याचा आधार म्हणून लेहमन आणि याओ यांच्या १९८१ च्या शोधनिबंधाचा उल्लेख आहे. प्रत्येक पानात त्याच्या उजव्या शेजाऱ्याचा पत्ता आणि त्या पानात असू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या किल्लीची, म्हणजे शोधायच्या मूल्याची, मर्यादा नोंदवलेली असते; शोधत असलेली किल्ली त्या मर्यादेहून मोठी निघाली तर पान मधल्या काळात दुभंगले आहे हे कळते आणि शोध उजवीकडे सरकून पुढे चालू राहतो. कल्पना इतकी साधी आणि इतकी सुंदर होती की मूळ निबंध वाचल्यावाचून मला चैन पडेना, आणि तो निबंध तेव्हा वर्गणीच्या कुलपाआड होता. म्हणून मी सदस्य झाले. एकदा आत गेल्यावर एडगर कॉड यांचा माहिती टेबलांत ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल मांडणारा १९७० चा निबंध वाचला, आणि पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७९ चा निबंधही वाचला. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवण्याचे अनेक मार्ग असताना प्रत्येकाचा खर्च अंदाजून सर्वांत स्वस्त मार्ग कसा निवडायचा, ही आजच्या जवळपास प्रत्येक ऑप्टिमायझरच्या, म्हणजे मार्ग निवडणाऱ्या भागाच्या, मुळाशी असलेली रीत त्या निबंधात आहे. तो वाचल्यानंतर एक्झिक्युशन प्लॅनकडे, म्हणजे डेटाबेसने निवडलेल्या मार्गाच्या आराखड्याकडे, पाहण्याची माझी नजरच बदलली. तोवर प्लॅन म्हणजे डेटाबेसने दिलेला निकाल असे मी समजत होते, त्यानंतर तो डेटाबेसने बांधलेला अंदाज म्हणून मी वाचू लागले.

आज हे तिन्ही निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एसीएमने एप्रिल २०२२ मध्ये आपली १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील प्रकाशने सर्वांसाठी खुली केली आणि पुढे जानेवारी २०२६ पासून आपली सर्व प्रकाशने मुक्त प्रवेशाची करण्याचा निर्णय घेतला. १९७५ पासून भरणाऱ्या व्हीएलडीबी या डेटाबेस-संशोधनाच्या परिषदेचे निबंधही खुले आहेत. म्हणजे ज्या एका कारणासाठी मी आयुष्यातली पहिली व्यावसायिक वर्गणी भरली, ते कारणच आता उरलेले नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या निबंधांवर आपले सगळे क्षेत्र उभे आहे, ते वाचण्यासाठी नोकरीतल्या कोणाच्या ओळखीने किंवा उसन्या पासवर्डने आत शिरावे लागू नये, असे मला नेहमीच वाटत आले आहे.

खुल्या साधनांची गोष्ट निघाली आहे तर दस्तऐवजांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नवे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच करतात. पोस्टग्रेसचे अधिकृत मॅन्युअल संदर्भ शोधण्यापुरते उघडायचे नसून क्रमाने वाचायचे आहे. त्यातल्या कार्यक्षमतेवरच्या प्रकरणात क्वेरीचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्सप्लेन या आज्ञेचे विवेचन आहे आणि त्यातली उदाहरणे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या चाचणी डेटाबेसमधल्या दहा हजार ओळींच्या टेबलवर बेतलेली आहेत. तो डेटाबेस आपल्या यंत्रावर उभा करता येतो आणि मॅन्युअलमधले आकडे आपल्या पडद्यावर जवळपास तसेच उमटलेले पाहता येतात. सलग वाचलेल्या प्रत्येक पानाला १ आणि प्रत्येक ओळीला ०.०१ असा खर्च डीफॉल्ट सेटिंगमध्ये धरला जातो, म्हणून दहा हजार ओळींचे १०० आणि पानांची संख्या यांची बेरीज केली की प्लॅनमध्ये दिसणारा एकूण खर्च बरोबर हाती येतो. ही बेरीज ज्याने एकदा स्वतः कागदावर केली आहे, त्याला पुढे आयुष्यभर त्या आकड्यांची भीती वाटत नाही. याच मॅन्युअलच्या परिशिष्टात एसक्यूएल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेच्या प्रमाणित नियमांतली कोणती वैशिष्ट्ये पोस्टग्रेसमध्ये आहेत आणि कोणती नाहीत याची प्रामाणिक यादी दिलेली आहे. एसक्यूएल लाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या दस्तऐवजांत तर डेटाबेस फाइलची रचना बाइटपर्यंत उलगडून सांगितली आहे. एका दीर्घ सुटीत मी ती हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले बाइट दाखवणारे साधन, उघडून पडताळून पाहिली होती, आणि टेबल हे शेवटी फाइलमधले काही बाइट असतात ही गोष्ट मला त्या दिवसांत खऱ्या अर्थाने समजली.

अभ्यासक्रमांचेही तसेच आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डने जे पहिले तीन मोठे ऑनलाइन वर्ग जगासाठी खुले केले, त्यांत जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा वर्ग होता. आज कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँडी पावलो यांची डेटाबेस सिस्टिमवरची व्याख्याने कोणालाही पाहता येतात आणि त्या वर्गाच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना बफर पूल (डिस्कवरची पाने मेमरीत ठेवणारा भाग), बी-प्लस ट्री, क्वेरी चालवणारे घटक आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचे असे बदल) सांभाळणारी यंत्रणा हे सारे सी प्लस प्लसमध्ये स्वतःच्या हाताने लिहावे लागते. नुसती व्याख्याने पाहून भागत नाही. मी पहिल्या खेपेला तेवढेच केले आणि सहा महिन्यांत बहुतेक सारे विसरले. दुसऱ्या खेपेला बफर पूल स्वतः लिहायला घेतला, तेव्हा वापरात असलेले पान बाहेर काढले जाऊ नये म्हणून त्याला पिन करून ठेवतात म्हणजे काय करतात, हे माझ्याच चुकीमुळे अडकून पडलेल्या प्रोग्रामने मला शिकवले.

सराव करायला डेटाबेस कुठून आणायचा, हा प्रश्नही पूर्वी सदस्यत्वानेच सुटत असे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती विकत घ्यावी लागे किंवा मायक्रोसॉफ्टच्या सशुल्क डेव्हलपर सदस्यत्वातून मिळे. मार्च २०१६ मध्ये ती व्हिज्युअल स्टुडिओ डेव्ह इसेन्शियल्स या विनामूल्य योजनेच्या सदस्यांना मोफत मिळू लागली, आणि आता ती कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यात सर्वांत महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीची सगळी वैशिष्ट्ये असतात. अट एवढीच की प्रत्यक्ष कारभारासाठी, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये, ती वापरायची नाही. ही अट पाळण्याबाबत मी काटेकोर आहे आणि इतरांनीही असावे असे मला वाटते, कारण परवान्याची तपासणी होते तेव्हा सापडणारी चूक त्या एका डेव्हलपरची राहत नाही, ती साऱ्या संस्थेच्या माथी येते. ओरॅकल या दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसची विनामूल्य आवृत्तीही आहे आणि तिच्यावर १२ जीबी डेटा आणि २ जीबी मेमरी अशा मर्यादा आहेत, पण शिकण्यासाठी त्या पुरून उरतात. ओरॅकलच्या क्लाउडवर कायम मोफत मिळणारे दोन ऑटोनॉमस, म्हणजे देखभाल आपोआप होणारे, डेटाबेसही घेता येतात. मात्र सात दिवस त्यांना हात लावला नाही तर ते आपोआप थांबवले जातात, हे आधीच माहीत असलेले बरे.

सशुल्क डेव्हलपर सदस्यत्वांत अजूनही एक गोष्ट अशी आहे जी मला मोलाची वाटते, आणि ती म्हणजे दरमहा मिळणारे क्लाउड क्रेडिट, म्हणजे क्लाउडवरची यंत्रे वापरण्यासाठीची रक्कम. विकास आणि चाचणीसाठीच असलेल्या या क्रेडिटमुळे एखादे मोठे यंत्र दोन तासांसाठी घ्यावे, त्यावर डेटाबेसचा वेग मोजणाऱ्या टीपीसी-एच या प्रमाणित चाचणीचा डेटा भरावा, तिच्या २२ क्वेरी चालवून पाहाव्यात आणि यंत्र सोडून द्यावे, असा प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. या चाचणीत आठ टेबले असतात आणि सर्वांत लहान प्रमाणावरही त्यांतल्या लाइनआयटम या टेबलमध्ये साठ लाखांच्या आसपास ओळी भरतात. इंडेक्स असणे आणि नसणे यांतला फरक हजार ओळींच्या नमुना टेबलवर कधीच जाणवत नाही, तो इथे जाणवतो. मी ज्यांना शिकवले त्यांतल्या बहुतेकांचा सराव छोट्या नमुना डेटाबेसवर अडकून पडलेला होता आणि त्यांचे बरेचसे गैरसमज त्या छोटेपणातूनच आलेले होते.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की निबंध खुले झाले, दस्तऐवज खुले आहेत, अभ्यासक्रम खुले आहेत आणि सॉफ्टवेअरही मोफत मिळते, तर मग कसलीच वर्गणी भरू नये. मी तसे म्हणत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी एक जुना अनुभव लिहिते.

एसक्यूएल सर्व्हरवरच्या एका कामात खातेक्रमांकावरून नोंद शोधणारी एक साधी क्वेरी होती. त्या कॉलमवर इंडेक्स होता, विकासाच्या यंत्रावर उत्तर तत्काळ येत होते आणि प्रत्यक्ष कारभारात मात्र तीच क्वेरी कित्येक सेकंद घेत होती. मी तीन दिवस इंडेक्स पुन्हा बांधले, स्टॅटिस्टिक्स (ऑप्टिमायझरच्या अंदाजामागची आकडेवारी) ताजे केले, क्वेरी निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिली; काही उपयोग झाला नाही. त्या आठवड्यात मी सदस्य असलेल्या वापरकर्ता गटाची, म्हणजे तोच डेटाबेस वापरणाऱ्यांच्या मंडळाची, मासिक बैठक होती आणि तिच्यात शेवटचा अर्धा तास सदस्यांनी आणलेले प्लॅन सर्वांनी मिळून पाहण्यासाठी राखलेला असे. मी माझा प्लॅन पडद्यावर लावला. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सदस्याने डाव्या कोपऱ्यातल्या सिलेक्टच्या चिन्हावरचा छोटा पिवळा त्रिकोण दाखवला आणि तो इशारा उघडून वाचायला सांगितले. खातेक्रमांकाचा कॉलम व्हारचार या साध्या मजकुराच्या प्रकारचा होता आणि ॲप्लिकेशन पॅरामीटर, म्हणजे शोधायचे मूल्य, पाठवत होते तो एनव्हारचार या युनिकोड मजकुराच्या प्रकारचा. एसक्यूएल सर्व्हरच्या नियमानुसार दोन प्रकारांची तुलना करताना खालच्या क्रमावरच्या प्रकाराचे रूपांतर वरच्या प्रकारात होते, आणि इथे खालच्या क्रमावर होता कॉलम. त्यामुळे प्रत्येक ओळीतल्या मूल्याचे रूपांतर होत होते, इंडेक्समध्ये थेट उडी मारून शोध घेता येत नव्हता आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जात होता. विकासाच्या यंत्रावर ओळी थोड्या होत्या म्हणून कोणाला काही जाणवले नव्हते. आमच्या डेटाबेसचे कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम, एसक्यूएल या अक्षरांनी सुरू होणारे, जुन्या वळणाचे होते. विंडोज कोलेशन असते तर ऑप्टिमायझरने तरीही शोधाची एक मर्यादा काढून बरेचसे काम वाचवले असते, हेही त्याच अर्ध्या तासात मला कळले. ॲप्लिकेशनमधला पॅरामीटरचा प्रकार बदलला आणि प्रश्न संपला.

प्रकारांच्या श्रेष्ठ-कनिष्ठ क्रमाचा तो नियम मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत तेव्हाही लिहिलेला होता आणि तो वाचायला कसलीच वर्गणी लागत नव्हती. पण तो तिथे शोधावा हे मला सुचण्याचे काही कारणच नव्हते, कारण माझा प्रश्न इंडेक्सविषयीचा आहे अशी माझी ठाम समजूत होती. आपला प्रश्न मुळात कोणता आहे, हे दुसऱ्याच्या अनुभवी नजरेने सांगावे लागते, आणि ती नजर नियमाने उपलब्ध करून देणारे सदस्यत्व मी आजही सर्वांत मौल्यवान मानते. अशा गटांची वर्गणी बहुधा नाममात्र असते किंवा नसतेच. तिथे द्यावा लागतो तो वेळ.

त्याच गटात पुढे दोन वर्षांनी मी लॉक एस्केलेशनवर, म्हणजे दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलू नये म्हणून लावलेल्या अनेक लहान लॉकच्या जागी एक मोठा लॉक घेण्यावर, बोलले. एका विधानात एकाच टेबलवर साधारण पाच हजार लॉक घेतले गेले की एसक्यूएल सर्व्हर ते सोडून एक मोठा लॉक घेण्याचा प्रयत्न करतो, इथपर्यंत माझी मांडणी बरोबर होती. पण ओळींचे लॉक आधी पानाच्या लॉकमध्ये आणि मग टेबलच्या लॉकमध्ये बदलतात असे मी एका स्लाइडवर लिहिले होते. श्रोत्यांतून एकाने शांतपणे हात वर करून सांगितले की पानाचा टप्पा मध्ये येत नाही, एस्केलेशन थेट टेबलवर जाते, आणि टेबलचे तसे सेटिंग ठेवले असेल तर पार्टिशनवर, म्हणजे टेबलच्या एका विभागावर. अनेक वर्षे मी ती चूक मनात बाळगून काम केले होते. बोलायला उभी राहिले नसते तर आणखी किती वर्षे ती तशीच राहिली असती, सांगता येत नाही. म्हणून सदस्यत्वाच्या फायद्यांमध्ये मी श्रोता होण्यापेक्षा वक्ता होण्याच्या संधीला वरचे स्थान देते, जरी ती कोणत्याही माहितीपत्रकात फायदा म्हणून छापलेली नसते.

मात्र संस्था कायम टिकतात असेही धरून चालू नये. एसक्यूएल सर्व्हरच्या व्यावसायिकांची पास ही संघटना १९९९ पासून काम करत होती. तिने डिसेंबर २०२० मध्ये काम थांबवण्याचे जाहीर केले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी ती बंद झाली. पुढे रेडगेट या कंपनीने तिची मालमत्ता घेतली, म्हणून परिषदेचे नाव आणि बरेच साहित्य वाचले, पण मधल्या काही आठवड्यांत वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांचे काय होणार या चिंतेने अनेक जण आपापल्या परीने जे हाती लागेल ते उतरवून घेत होते. जानेवारी २०२१ च्याच ३१ तारखेला मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ही प्रमाणपत्रे निवृत्त केली. ज्यांनी अनेक परीक्षा देऊन ती मिळवली होती त्यांच्या ज्ञानाला त्यामुळे काही बाधा आली नाही, पण केवळ कागदासाठी पाठांतर केलेल्यांच्या हाती फारसे काही राहिले नाही. संस्था टिकली तरी तिच्या सुविधा बदलतात: एसीएमच्या सदस्यांना वर्गणीतच मिळणारा, तांत्रिक पुस्तके काढणाऱ्या ओ'रायलीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचा प्रवेश २०२२ मध्ये मूळ वर्गणीतून काढला गेला. मी कित्येक पुस्तके तिथे अर्धी वाचून खूण करून ठेवली होती. तेव्हापासून जे वाचते त्याची टिपणे मी माझ्याच वहीत आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते, आणि प्रयोगांच्या स्क्रिप्ट माझ्याच कोडच्या भांडारात.

त्या नव्या सहकारी मुलीने प्रमाणपत्रांविषयी विचारलेच म्हणून तिला मी एवढेच सांगितले की परीक्षेचा अभ्यासक्रम हा विषयांची तपासयादी म्हणून फार उपयोगी असतो, कारण आपल्या रोजच्या कामात न येणारे बॅकअप, पुनर्स्थापना आणि सुरक्षा यांसारखे भाग त्यामुळे डोळ्यांआड होत नाहीत. परीक्षा द्यायची की नाही ते नोकरीच्या गरजेवर ठरवावे.

यंदाच्या माझ्या कागदावर तीन नावे होती. व्हिडिओंचे सशुल्क सदस्यत्व मी बंद केले, कारण वर्षभरात मी त्यातले जे काही पाहिले त्याहून चांगले विवेचन मला खुल्या मॅन्युअलमध्ये मिळाले होते. एसीएमचे चालू ठेवले. आता वाचनासाठी नव्हे, तर ज्या संस्थेने आपले भांडार खुले केले तिचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे म्हणून, आणि तिच्या सिगमॉड या डेटाबेस विभागाशी नाते राहावे म्हणून. वापरकर्ता गटाचे चालू ठेवण्याविषयी विचार करावाच लागला नाही.

त्या मुलीला मी पहिल्या तीन महिन्यांसाठी कोणतेही पैसे भरू नकोस असे सांगितले आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती तिने आपल्या यंत्रावर घेतली आहे आणि टीपीसी-एचचा डेटा दोन्हींत भरला आहे. त्यातली पाचवी क्वेरी सहा टेबले जोडते, आणि दोन्हीकडे तिचे प्लॅन वेगळे का येतात हे शोधण्यात ती सध्या गुंतली आहे. पुढच्या बैठकीत ते दोन्ही प्लॅन ती पडद्यावर लावणार आहे आणि मी मागच्या रांगेत बसणार आहे.